गावाला संत लागतो : ग्वाल्हेरचे मन्सूर शाहबाबा

मंडळी, ह्या लेखाची सुरुवात एका फसलेल्या कथेतून झाली. आपल्या मंडळाच्या लेखनगटात यंदा सगळ्यांनी मिळून एक काल्पनिक नगर रचायचं ठरलं होतं. कुणी नगराचा नकाशा काढला, कुणी तिथली नाणी ठरवली, एकीने तर तिथल्या शिव्यांचा कोशच केला (तो संपादकांनी छापला नाही). माझ्या वाट्याला आला नगराचा आश्रयदाता संत. आपल्या कॉलेजच्या फाटकाशी रोज ज्यांच्या पुतळ्यावरून जातो, तसा एखादा. मी दोन दिवसांत लिहून दिला : डोंगरावर राहणारा साधू, पूर आला तेव्हा काठी रोवली, पाणी ओसरलं, लोकांनी देऊळ बांधलं. आमच्या मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "सगळं ठीक आहे, पण ह्या गावाला हा संत *का* लागतो?"

मला उत्तर देता आलं नाही. सुट्टीत आजीकडे ग्वाल्हेरला गेले तेव्हा तो प्रश्न डोक्यात होताच, आणि तिथे संतांचा काही तुटवडा नाही. ही कथा मग मागे पडली, आणि हा लेख पुढे आला.

आधी शब्दाचं बघू. 'पेट्रन सेंट'ला मराठी ख्रिस्ती लेखनात आश्रयदाता संत म्हणतात. वसईकडच्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे सांगायला नको, तिथे प्रत्येक धर्मग्रामाचा एक असतो आणि त्याचा सण गावजेवणासारखा साजरा होतो. संत गोन्सालो गार्सिया हे तर वसईचेच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं, आणि वसईतल्या गासचं चर्च त्यांच्या नावाचं आहे. आश्रयदाता संत हा देव नव्हे. तो एकेकाळी जगलेला, मेलेला माणूस असतो आणि देवाकडे आपली रदबदली करतो, अशी श्रद्धा. इथेच तो आपल्या कुलदैवताहून नि ग्रामदैवताहून वेगळा पडतो. कुलदैवत जन्मासोबत येतं, ते निवडता येत नाही. ग्रामदैवत वेशीवर बसलेलं असतं, गाव वसण्याच्या आधीपासून. संत मात्र कुणीतरी, कधीतरी, काहीतरी घडल्यावर *धरलेला* असतो. सूफी परंपरेत ह्याच रदबदलीला वसीला म्हणतात. शब्द निराळा, काम तेच.

आता ग्वाल्हेर. ह्या शहराचं नावच एका संतावरून पडलं असं तिथलं शेंबडं पोरही सांगतं. गोष्ट अशी : सूरजसेन नावाच्या राजाला कुष्ठरोग झाला होता. शिकारीत वाट चुकून, तहानलेला तो डोंगरावर आला. तिथे ग्वालिपा नावाचा सिद्ध बसला होता. त्याने कुंडातलं पाणी दिलं आणि राजाचा रोग गेला. राजाने विचारलं, काय देऊ? सिद्ध म्हणाला, कुंड मोठं कर आणि इथे किल्ला बांध. राजाला त्याने 'पाल' हे नाव दिलं आणि सांगितलं की, तुझ्या वंशात हे नाव जोवर चालेल तोवर किल्ला तुमचा. पुढे ८३ पिढ्या नाव टिकलं, ८४ व्या राजाने टाकलं, किल्ला गेला. सूरजकुंड आजही किल्ल्यावर आहे, आणि ग्वालिपाचं स्थानही.

गोष्ट सुरेख आहे. पण किल्ल्यावर सापडलेला एक शिलालेख तिच्या आड येतो. हूण राजा मिहिरकुल ह्याच्या कारकिर्दीच्या १५ व्या वर्षातला, म्हणजे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मातृचेट नावाच्या माणसाने 'गोप' नावाच्या डोंगरावर दगडी सूर्यमंदिर बांधलं, असं त्यात आहे. पुढच्या लेखांत हाच डोंगर गोपगिरी, गोपाद्री होतो. म्हणजे डोंगर आधीपासूनच गवळ्यांचा होता. गोपगिरीचं लोकांच्या तोंडी ग्वाल्हेर झालं, आणि मग त्या नावाला एक माणूस हवा म्हणून ग्वालिपा आला असावा. नावाच्या शेवटचा 'पा' बघा : लुईपा, कण्हपा अशी चौऱ्याऐंशी सिद्धांतली नावं आपण अभ्यासक्रमात वाचली आहेत. राजेही नेमके ८४! आणि सूरजकुंडाचं नाव राजा सूरजसेनावरून पडलं, की तिथल्या जुन्या सूर्यमंदिरामुळे कुंडाला नाव मिळालं आणि कुंडावरून राजाला? माझा कल दुसरीकडे आहे. डोंगराच्या नावाने संत दिला, कुंडाच्या नावाने राजा दिला, आणि दोघांची भेट लोकांनी घडवून आणली.

हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय झालं? पाणी तर आहे ना कुंडात."

ग्वाल्हेरचे दुसरे मोठे नाव शेख मुहम्मद गौस. हे सोळाव्या शतकातले शत्तारी पंथाचे सूफी. इथे आख्यायिकेची गरजच नाही, एवढा इतिहास आहे. बाबराच्या माणसांना किल्ला मिळाला त्यात ह्यांचा हात होता. 'अमृतकुंड' ह्या योगग्रंथाचं 'बह्र-उल-हयात' नावाचं फारसी रूप त्यांनीच केलं, म्हणजे हठयोगाची आसनं एका सूफी शेखाने फारसी वाचकांपर्यंत नेली. त्यांची कबर दगडी जाळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, दुपारी आत उभं राहिलं की फरशीवर उन्हाची रांगोळी पडते. शेजारी तानसेनची साधी कबर आणि ते चिंचेचं झाड, ज्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणतात. (मी खाल्ली. घरच्यांना फरक जाणवला नाही.) दर डिसेंबरात तानसेन समारोह होतो, त्याच्या आरंभी ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा होते आणि मिलादही होतो. ढोलीबुवा मठ म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचा नाथपंथी मठ. आपल्याकडच्या कीर्तनाच्या वळणाची ती हरिकथा एका सूफीच्या दर्ग्यापाशी ऐकायला मिळते.

पण माझ्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर ह्या दोघांत नव्हतं. ते मिळालं महाराज बाड्यावर, गोरखीत.

लष्करात राहणाऱ्यांना गोरखी माहीत असतेच, बाकीच्यांसाठी : जुन्या ग्वाल्हेरपासून वेगळा, किल्ल्याच्या दक्षिणेला जो भाग आहे त्याचं नाव लष्कर. दौलतराव शिंदे १८१० च्या सुमारास आपली छावणी घेऊन इथे उतरले आणि छावणी उठलीच नाही. तंबूंचे वाडे झाले, वाड्यांच्या गल्ल्या झाल्या, फाळके बाजार, शिंदे की छावणी अशी नावं पडली. छावणीचं शहर झालं तरी नाव छावणीचंच राहिलं. महाराज बाडा हा ह्या लष्कराचा मधला चौक आणि गोरखी हा तिथला शिंद्यांचा जुना वाडा. वाड्यात शिंद्यांचं देवघर आहे. दसऱ्याला घराण्याचे प्रमुख राजवेषात तिथे पूजेला येतात. आणि ह्याच देवघराशी एका मुसलमान अवलियाची गादी आहे : बाबा मन्सूर शाह.

गादी म्हणते आहे, कबर नाही. बाबांची कबर इथे नाहीच. ती आहे मराठवाड्यात, बीडला, शहराच्या पूर्वेकडे. मन्सूर शाह अठराव्या शतकातले, सुहरावर्दी परंपरेचे सूफी. ते ग्वाल्हेरला कधी आलेच नाहीत, असंच बीडची परंपरा सांगते. मग ज्या शहरात पाऊलही टाकलं नाही त्या शहराच्या राजघराण्याचे ते आश्रयदाते कसे झाले?

त्यासाठी पानिपतावर जावं लागतं. १४ जानेवारी १७६१. शिंदे घराण्याचं त्या दशकात काय झालं ते मोजून बघा. राणोजी शिंद्यांच्या मुलांपैकी जयाप्पा १७५५ मध्ये नागौरला मारेकऱ्यांच्या हातून गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. तुकोजी पानिपतात पडले. जयाप्पांचा तरणा मुलगा जनकोजी पकडला जाऊन मारला गेला. उरले एकटे महादजी. पळताना एका अफगाण स्वाराने त्यांना गाठलं, पायावर वार केला, आणि मेला समजून टाकून दिलं. राणेखान नावाच्या भिश्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. पाय कायमचा अधू झाला. राणेखानाला महादजींनी पुढे भाऊ मानलं आणि मोठा सरदार केलं.

हे झालं रणांगणावरचं. घरी काय चाललं असेल? आज माणूस दोन तास फोन उचलत नाही तर आपला जीव खालीवर होतो. तिथे महिनोन् महिने कोण जिवंत, कोण गेलं, ते कळत नव्हतं. बीडमध्ये सांगतात की महादजींच्या एका पत्नीचं माहेर बीडचं. त्या मन्सूर शाहांकडे गेल्या आणि नवऱ्याच्या जिवासाठी त्यांनी दुवा मागितली. महादजी परतले. त्यांनी बाबांना ग्वाल्हेरला बोलावलं, बाबांनी नकार दिला आणि आपल्या जागी हबीब शाह ह्या मुलाला पाठवलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गोष्टीत एक चूक आहे आणि ती चूक मला फार आवडते. १७६१ मध्ये महादजींकडे ग्वाल्हेर नव्हतंच. शिंद्यांचं ठाणं तेव्हा उज्जैन. १७८० मध्ये इंग्रजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून हा किल्ला घेतला तो गोहदच्या राण्यासाठी, आणि १७८३ मध्ये महादजींनी तो पुन्हा जिंकला. तेव्हाही महादजींचा मुक्काम बहुतेक छावणीत, मथुरेकडे, दिल्लीकडे, आणि शेवटी पुण्याला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला ते वारले, शिंद्यांची छत्री तिथेच आहे. म्हणजे 'ग्वाल्हेरला बोलावलं' हे वाक्य नंतरच्या माणसांचं आहे, लष्कर वसल्यानंतरच्यांचं. त्यांना आपल्या बाबांचं आपल्या शहराशी नातं जोडायचं होतं. मूळ निमंत्रण शहराला नसणारच, छावणीला असणार.

आणि म्हणूनच, मला वाटतं, गादी. शिंद्यांचं कुलदैवत जोतिबा. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचं आजचं देऊळ १७३० मध्ये राणोजींनीच बांधलं. पण जोतिबा डोंगर सोडून येत नाही, आपण त्याच्याकडे जायचं. जे घराणं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडहून निघून नर्मदा ओलांडून गेलं, वर्षाचे आठ महिने तंबूत राहिलं, त्याला सोबत नेता येईल असा कुणीतरी लागतो. गादी उचलता येते, दुसऱ्या तंबूत मांडता येते. कॅथलिक मित्रांना ह्यात नवल वाटणार नाही : फ्रान्सिस झेवियर ह्यांचं शरीर जुन्या गोव्यात आणि उजवा हात १६१४ पासून रोमला. संताला जागेवरून हलवायचे मार्ग माणसं सगळीकडे शोधतात.

दुसरी वस्तू आहे रोटी. आजीच्या तोंडची गोष्ट अशी की बाबांनी आपल्या ताटातली अर्धी रोटी महादजींच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, जा, दिल्लीपर्यंत जा. ती रोटी शिंद्यांनी खाल्ली नाही, जपून ठेवली, आणि ती आहे तोवर घराण्याला ददात नाही. खरं काय ते बाजूला ठेवा, पण रोटीच का, ह्याचा मी बराच विचार केला. महादजींची आई चिमाबाई ही राणोजींची लग्नाची बायको नव्हती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. सगळे भाऊ गेले तरी सरदारी महादजींकडे सरळ आली नाही, घराण्यातले दुसरे दावेदार उभे राहिले, आणि ती पक्की व्हायला १७६८ उजाडलं. सात वर्षं! जन्माने मिळणारं कुलदैवत, जन्माने मिळणारी सरदारी, दोन्हींबाबत ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं, त्याला कुणीतरी स्वतःच्या ताटातला घास दिला. उष्टं अन्न आपल्याकडे फक्त घरच्याला देतात. ही गोष्ट कुणी रचली असेल तर त्याला महादजी नीट कळले होते.

(साहित्य मंडळाच्या अंकात आहोत म्हणून एक पदरचं. महादजी स्वतः भक्तिपर कविता करत. संत सोहिरोबानाथ आंबिये, १७१४ ते १७९२, मूळ पेडणे भागातले, बांद्याचे, उत्तरेत फिरत असताना ह्या दरबारी आले. महादजींनी मोठ्या हौसेने आपल्या कविता पुढे ठेवल्या आणि सोहिरोबांनी त्या नापसंत करून दरबाराकडे पाठ फिरवली, असं सांगतात. बादशहाचा वकील-इ-मुतलक झालेल्या माणसालाही समीक्षक चुकला नाही.)

तर गोरखीत दरवर्षी बाबांचा उरूस होतो. शिंदे घराण्याचे प्रमुख गादीपुढे येऊन बसतात. गादीवर फुलं वाहिलेली असतात, आणि त्यातलं एखादं फूल आपोआप खाली पडेपर्यंत वाट बघायची असते. फूल पडलं की बाबांचा कौल मिळाला. कौल! शब्द बघा. कोकणात देवळात पाकळ्या लावून कौल घेतात, तीच ही रीत. फरक एवढाच की इथे देवाच्या जागी पीर आहे. आजीने लहानपणी हे पाहिलंय. ती म्हणते, "एवढे मोठे महाराज, पण फूल पडेपर्यंत उठायची हिंमत नाही. आम्ही पोरं आपले श्वास रोखून बसून राहायचो, की आपल्या वाऱ्याने पडलं तर?"

हे सगळं मी लिहायला घेतलं तेव्हा घरच्या ग्रुपवर थोडं टाकलं. माझ्या मामेभावाने लगेच लिहिलं की हे बाबा वगैरे नंतर घुसडलेलं आहे, शिंद्यांचा देव जोतिबा, महाकाल, आणि तू कॉलेजात असलं काही छापू नकोस. तो वाईट मुलगा नाही. त्याचा राग मला कळतो, कारण मुंबईत ग्वाल्हेरचे म्हटलं की आम्ही अर्धे हिंदी ठरतो, आणि ग्वाल्हेरला अजूनही दक्षिणी. अशा वेळी माणसाला आपलं म्हणून जे आहे ते निवडून, पुसून, स्वच्छ करून हवं असतं. मीही माझ्या कथेत तेच केलं होतं : डोंगर, काठी, पूर, देऊळ. एकही डाग नाही.

मी त्याला इतिहास लिहून पाठवला, बीडची परंपरा, गादी, तारखा. त्याने अंगठा दिला नाही. मग दोन दिवसांनी आजीने ग्रुपवर आवाजी संदेश टाकला, तिला टाइप करता येत नाही. संदेश मोठा होता, मध्ये दूध उतू गेलं त्याची बोलणी होती, पण मुद्दा असा : "अरे, पानिपतावरून नवरा येतो का नाही, हे कळत नसताना ती बाई कुणाकडे गेली, ते तू आज ठरवणार का? तिला जे दार उघडं दिसलं तिथे गेली. आणि माणूस आला परत. बैलावर घालून आणणारा कोण होता, ते पण बघ." मामेभाऊ नंतर काही बोलला नाही. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. गणपतीत भेटू तेव्हा पुन्हा निघेल.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्या दूध उतू गेलेल्या संदेशात मिळालं. माझ्या नगरात पूर ओसरला होता, पण कुणाचं माणूस बेपत्ता नव्हतं. मी कथेतला साधू काढला नाही, डोंगरावरून खाली आणला. आता नगरातली एक बाई परगावच्या, परक्या भाषेच्या एका म्हाताऱ्याकडे जाते आणि तो म्हातारा त्या नगरात शेवटपर्यंत येत नाही. त्याच्या ताटातलं काय द्यायचं, ह्यावर लेखनगटात सध्या वाद चालू आहे. नाणी ठरवणाऱ्याचं म्हणणं, त्या जगात गहू पिकत नाही.